लावलेलं अभयारण्य

ताडोब्याला जाऊन आलेले नातेवाईक मला वाघाचे फोटो पाठवतात. कुणी पेंचला जातं, कुणी मेळघाटला. मी सगळ्यांना एकच सांगतो, कधी आमच्या सागरेश्वरालाही या. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "तिथं काय आहे?"

प्रश्न रास्त आहे. सागरेश्वरला वाघ नाही, गवा नाही. बारमाही वाहणारा ओढा नाही. क्षेत्रफळ म्हणाल तर १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे चांगला चालणारा माणूस सकाळी निघाला तर जेवायच्या वेळेपर्यंत या टोकाकडून त्या टोकाला सहज पोचेल. कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमा जिथं मिळतात तिथला हा डोंगर. पायथ्याला देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म या गावी त्यांच्या आजोळी झाला, १९१३ साली. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते त्यांच्याच नावानं, यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य. यशवंतराव जाऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते.

मग तिथं आहे काय? या प्रश्नाला सरळ उत्तर देण्यापेक्षा थोडं मागे जाऊन सांगितलेलं बरं. शिक्षकाची खोड, दुसरं काय! महाराष्ट्रातली राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं मुळात आली कुठून, हे कळलं की सागरेश्वरचं वेगळेपण आपोआप कळतं.

पहिली गंमत म्हणजे आपण त्यांना राष्ट्रीय उद्यान म्हणतो, पण ती जाहीर करतं राज्य सरकार. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तो देशभरासाठी, पण उद्यान कुठं आणि केवढं हे ठरवण्याचा अधिकार त्यानंही राज्याकडेच ठेवला. त्याआधी तर प्रत्येक राज्याचा कायदाच निराळा होता. अमेरिकेतही सुरुवात काहीशी अशीच झाली. १८७२ चं यलोस्टोन जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून आपण शाळेत शिकवतो, पण त्याच्या आठ वर्षं आधी, १८६४ मध्ये, योसेमिटीची दरी तिथल्या सरकारनं कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली होती, लोकांसाठी राखून ठेवा म्हणून. आपल्या देशात पहिलं राष्ट्रीय उद्यान १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी झालं. तेव्हाचं नाव हेली, आताचं कॉर्बेट.

आता महाराष्ट्राकडे येऊ. महाराष्ट्राचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ताडोबा, सन १९५५. पण १९५५ साली महाराष्ट्र होता कुठं? चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. म्हणजे आपलं पहिलं राष्ट्रीय उद्यान आपल्याला आयतं मिळालं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि जमिनीबरोबर ताडोबाही आला. त्या जंगलात १९३५ पासूनच शिकारीला बंदी होती. आणि त्याही आधीपासून तलावाकाठी ताडोबा देवाचं ठाणं होतं. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी तिथली कथा आहे. सरकारच्या आधी त्या रानाला देवाची राखण होती म्हणा ना.

मुंबईच्या बाजूची कथा वेगळी. तेव्हाच्या मुंबई राज्यानं १९५० मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि बोरिवलीजवळ, कान्हेरीच्या लेण्यांच्या परिसरात कृष्णगिरी उद्यान आकाराला आलं. तेच वाढत वाढत आज सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झालं आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात हे रान टिकलं कसं? तर पाण्यामुळे. विहार तलाव १८६० चा, तुळशी तलाव १८७९ चा. मुंबईला पाणी पाजायचं तर तलावाभोवतीचं रान तोडून चालत नव्हतं. तहानेनं ते जंगल वाचवलं.

आणि आमच्या शेजारचं राधानगरी! १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं अभयारण्य. ते रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. राजाच्या शिकारीसाठी राखलं, म्हणून प्रजेच्या कुऱ्हाडीपासून वाचलं. शिकारीनं जंगल राखलं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण देशातल्या बऱ्याच उद्यानांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

त्यानंतर १९६८ मध्ये पक्ष्यांसाठी कर्नाळा झालं. १९७० मध्ये नागझिरा. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. १९७५ मध्ये नवेगाव. नवेगावचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण तिथला मोठा तलाव कोहळी लोकांनी बांधलेला आहे, म्हणजे रानाच्या मध्यभागी माणसाचं काम आहे. तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या माणसानं त्या रानावर आणि पाखरांवर जीव लावला आणि मारुती चितमपल्लींसारखा लिहिता वनाधिकारी त्या भागाला लाभला. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्यामुळे माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी शिक्षकांना पाखरांची नावं कळली, हे जाता जाता सांगायलाच हवं.

१९८५ साली तर एकाच वर्षात आमच्या आसपास अभयारण्यांची रांगच लागली. कोयना झालं, चांदोली झालं, सागरेश्वर झालं. यातली पहिली दोन धरणांच्या पाठीमागची रानं. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यासाठी तिथली गावं उठली, लोक नव्या वसाहतींत गेले. त्या लोकांनी काय सोडलं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तर मंडळी, ही यादी एकदा नजरेखालून घाला. राजाची शिकार, शहराचं पाणी, धरणाचं पाणलोट, साहेबाच्या काळातलं राखीव जंगल. प्रत्येक ठिकाणी जंगल आधीपासून होतं. कुणी ना कुणी ते आपल्या कारणासाठी राखलं होतं. पुढच्या सरकारनं त्याला कायद्याचं कुंपण घातलं आणि पाटी लावली. बहुतेक उद्यानं ही अशी वारशानं आलेली आहेत.

सागरेश्वरला वारसा असा नव्हताच. तिथं होता उघडाबोडका डोंगर.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९६० च्या दशकात आम्ही पोरं श्रावणी सोमवारी सागरेश्वराच्या दर्शनाला चालत जात असू. देवळं तेव्हाही हीच होती. महादेवाचं मुख्य देऊळ, भोवती लहान लहान देवळांचा मेळावा, आणि वर डोंगरात खडकात कोरलेलं कमळभैरवाचं ठाणं. देवळापाशी तेवढी सावली. बाकी डोंगरावर श्रावणात हिरवं लुसलुशीत गवत दिसायचं आणि दिवाळीनंतर नुसता मुरूम. मार्गशीर्षात डोंगराकडे बघितलं की हाडं वर आलेल्या म्हाताऱ्या बैलाची आठवण व्हायची. कडेगाव तेव्हा खानापूर तालुक्यात होतं आणि खानापूर तालुका म्हणजे पाऊस कमी, हुलगा-मटकीचा मुलूख. सरपणाला डोंगर, शेरडांना डोंगर, घराच्या आढ्याला डोंगर. सगळं त्याच्याकडूनच घ्यायचं. त्यात १९७२ चा दुष्काळ पडला. त्या साली जनावरं कशी जगवली हे ज्यांनी बघितलं त्यांना डोंगर बोडका का झाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

अशा डोंगरावर रान उभं करायचं, हे ज्यांच्या मनानं घेतलं ते मोहित्यांचे वडगावचे धों. म. मोहिते. आमच्या भागात वृक्षमित्र म्हणूनच त्यांची ओळख. सागरेश्वरच्या डोंगरावर झाडं लावायची, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तिथं हरणं नांदली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. लोक, वनखातं, पुढारी या सगळ्यांच्या मागे लागून, पाठपुरावा करून त्यांनी हे काम पुढे नेलं. झाडं वाढली, प्राणी आणून सोडले गेले, भोवती कुंपण पडलं. सागरेश्वरला मानवनिर्मित अभयारण्य म्हणतात ते यामुळे. जंगल लावलेलं, आणि त्यातले बहुतेक वन्यप्राणी आणलेले.

बोडक्या डोंगरावर रान उभं करणं म्हणजे काय असतं, ते शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रोप लावणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम. फोटोही त्याचाच निघतो. त्याआधी उताराला आडवे चर खणावे लागतात, म्हणजे पावसाचं पाणी धावत खाली न जाता मुरतं आणि माती जागेवर राहते. खड्डा उन्हाळ्यातच काढून तापू द्यायचा. पहिला चांगला पाऊस झाला की रोप लावायचं. मग खरी परीक्षा पुढच्या मार्च ते जूनमध्ये. खाली मुरूम, वर ऊन, आणि पाणी वाहायचं ते डोक्यावर. पहिल्या दोन-तीन वर्षांत शंभरातली किती रोपं तगली हाच हिशेब. 'झाडे लावा, झाडे जगवा' ही घोषणा आम्ही शाळेच्या भिंतीवर रंगवली होती. मुलांना मी नेहमी सांगायचो, अरे पहिले दोन शब्द एका दिवसाचे आहेत आणि पुढचे दोन दहा वर्षांचे.

आणि याहून अवघड काम म्हणजे डोंगर बंद करणं. शेरडं चरत राहिली तर लावलेलं एकही रोप टिकत नाही. म्हणून चराईबंदी आली, कुऱ्हाडबंदी आली. बोलायला हे दोन शब्द, पण ज्या घराचा संसार चार शेरडांवर चालतो त्या घराला त्याची किंमत विचारा. मेंढरामागं फिरणाऱ्या धनगराला विचारा. डोंगर हिरवा झाला त्याचं श्रेय ज्यांनी झाडं लावली त्यांना मिळालं, मिळायलाच हवं. पण ज्यांनी आपली शेरडं वर नेणं सोडलं, कुणी राजीखुशीनं तर कुणी कुरकुरत, त्यांचाही त्यात वाटा आहे. तो कुठल्या कागदावर लिहिलेला नाही. म्हणूनच मला वाटतं की अभयारण्याचं वय १९८५ पासून मोजणं अपुरं आहे. ती सरकारी कागदावरची जन्मतारीख झाली. शाळेत आम्ही मुलांची जन्मतारीख १ जून लावायचो, तसंच काहीसं!

आज तिथं काय आहे? चितळांचे कळप आहेत, सांबर आहे, काळवीट आहे. भेकर, रानडुक्कर, साळिंदर आहे. मोरांचा आवाज तर पार खालच्या रस्त्यापर्यंत येतो. वर टेकडीवरून बघितलं की कृष्णाकाठ दिसतो, एका बाजूला उसाचा हिरवा पट्टा आणि त्यात चकाकणारी नदी. शाळेची सहल घेऊन गेलो की मुलं हरणं बघायची आणि मी झाडं बघायचो. एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, हे जंगल रामायणापासून आहे ना?" मला हसू आलं आणि बरंही वाटलं. लावलेलं रान लावलेलं वाटू नये, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक ते कोणतं?

पण त्याच प्रश्नानं मला नंतर विचारात टाकलं. रामायणापासून असलेलं रान आपलं आपण जगेल असं आपण धरून चालतो. लावलेल्या रानाचं तसं नसतं. या डोंगरावर बारमाही पाणी नाही. उन्हाळ्यात पाणवठे माणसांनी भरले तरच जनावर पाणी पिणार. भोवती कुंपण आहे, त्यामुळे कळपाला दुसऱ्या रानात जाता येत नाही आणि बाहेरचं नवं जनावर सहसा आत येत नाही. चितळाला खाणारा वाघ नाही, म्हणजे कळप वाढत जाणार आणि गवत मात्र तेवढंच राहणार. पिढ्यान्पिढ्या तेच तेच रक्त एकत्र येणं हेही कुठल्याही कळपाला चांगलं नाही, हे कुणीही मेंढपाळ सांगेल. तो आपला मेंढा दोन-चार वर्षांनी बदलतो.

दुसरी गोष्ट घडली ती कुंपणाबाहेर. अभयारण्य झालं तेव्हा भोवती कोरडवाहू रानं होती. पुढे ताकारी आणि टेंभू योजनांचं कृष्णेचं पाणी चढून वर आलं. आमच्या भागाचं नशीब पालटलं, त्याबद्दल दुमत नाही. हुलग्याच्या रानात ऊस आला, द्राक्षं आली. पण डोंगरावरच्या हरणांच्या बाजूनं बघा. उन्हाळ्यात आत वाळलेलं गवत आणि कुंपणापलीकडे हिरवागार ऊस. सांबराला कुंपण ओलांडायला कितीसा वेळ लागतो? शेतकरी रात्रभर राखण करतो, पत्रा वाजवतो, बॅटरी मारतो. पहाटे डोळा लागतो आणि सकाळी बघावं तर अर्धा एकर तुडवलेला. 'कुंपणानंच शेत खाल्लं' अशी म्हण आपण मुलांना शिकवतो. इथं कुंपण बिचारं जागेवर आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना भूक आहे.

नुकसानभरपाईची सोय शासनानं केलेली आहे. अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा, मग रक्कम यायची. माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, डोंगराच्या कडेला त्यांचं रान आहे. ते म्हणतात, "गुरुजी, हरणाचा मला राग नाही. माझ्या बापानं या डोंगरावर खड्डे काढलेत. पण आता हरणं सरकारची, डोंगर सरकारचा आणि तुडवलेला ऊस तेवढा माझा, असं झालंय."

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवतोय. मला वाटतं, सागरेश्वरची खरी अडचण त्यानं एका वाक्यात सांगितली. ताडोबा, राधानगरी ही रानं मुळातच राजाची, सरकारची होती. लोकांचा आणि त्यांचा संबंध बहुतेक वेळा मनाईचाच. सागरेश्वर उलट्या दिशेनं आलं. आधी लोकांच्या मनात आलं, मग हातात आलं, आणि शेवटी कायद्यात आलं. कायद्यात येणं गरजेचंच होतं. त्याशिवाय हा डोंगर आज प्लॉट पाडून विकला गेला असता किंवा खडीसाठी फोडला गेला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कायद्यात आल्यावर ते लोकांच्या हातातून सुटलं तर काय होतं? ज्याच्या बापानं खड्डे काढले तो मुलगा आज हरणांना शिव्या घालतो, आणि त्याचा मुलगा उद्या डोंगराकडे बघणारही नाही. वारशानं मिळालेलं रान सरकार एकट्यानं राखू शकेल कदाचित. लावलेलं रान शेजाऱ्यांच्या मर्जीशिवाय टिकणार नाही. ज्यांनी शेरडं वर नेणं सोडलं म्हणून ते उभं राहिलं, त्यांच्या नातवंडांनी ते आपलं मानलं तरच ते उभं राहील.

माझ्यासारख्या निवृत्त माणसानं वनखात्याला शहाणपण शिकवावं असं नाही. पण दोन गोष्टी सुचतात त्या लिहितो. एक, कुंपणालगतच्या शेतकऱ्याला भरपाई अशी मिळावी की त्याला ती भीक वाटू नये आणि हंगाम उलटून जाऊ नये. पीक त्याचं गेलंय, पण हरणाला चारा त्यानं घातलाय. हा हिशेब सरळ आहे. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. या डोंगरावर ज्यांनी खड्डे काढले, पाणी वाहिलं, राखण केली, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्याजवळ बसून कुणी हे लिहून घेतलं पाहिजे. कुठल्या उतारावर पहिली झाडं तगली, कुठल्या साली सगळी जळाली, पहिलं हरीण दिसलं तेव्हा गावात काय बोलणं झालं, चराईबंदीवरून भांडणं कशी झाली आणि मिटली कशी. राधानगरीचा इतिहास दरबाराच्या कागदांत सापडेल, मुंबईच्या तलावांचा महापालिकेच्या दप्तरात. सागरेश्वरचा इतिहास ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि ती दप्तरं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. शंभर पानी वही आणली आहे आणि आतापर्यंत चौघांशी बोलणं झालं आहे. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी अजिबात जुळत नाही! दोन्ही तसंच लिहून ठेवलं आहे. आमच्या नात्यातल्या, कडेगाव-देवराष्ट्रे-वडगाव भागातल्या कुणाच्या घरी त्या काळचा एखादा फोटो असेल, जुनं पत्र असेल, किंवा आजोबा-आजी सांगणारे असतील तर मला जरूर कळवा. गुडघे कुरकुरतात, पण अजून मी यष्टीनं येऊ शकतो.

असो. लेख लांबला. "तिथं काय आहे" या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की तिथं वाघ नाही, पण माणसांनी परत आणलेला एक डोंगर आहे. यायचं तर श्रावणात या. आधी देवळं बघा, मग वर चला. आणि खाली उतरताना कुंपणालगत कुणी शेतकरी भेटला तर दोन मिनिटं थांबून त्याच्याशीही बोला.